खाडा पडल्यानंतर: आरंभशूरांसाठी मार्गदर्शन

वडोदऱ्यातील दांडिया बाजारात आमचे जुने घर आहे. त्याच्या माळ्यावर माझ्या पणजोबांची पत्र्याची एक ट्रंक असून तिच्यातील बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. ते कागद आपण स्वतः वाचायचे असे मी २०१२ मध्ये ठरवले. त्यानंतर मी मोडी शिकण्यास चार वेळा आरंभ केला आणि त्यांपैकी तीन वेळा ती सोडली. पहिल्या वेळी मी एकोणीस दिवस टिकले, दुसऱ्या वेळी दीड महिना आणि टाळेबंदीत, जेव्हा वेळच वेळ होता तेव्हा, जेमतेम अकरा दिवस. चौथा आरंभ २०२३ च्या दिवाळीनंतर झाला. तो टिकला आणि ट्रंकेतील एक संपूर्ण रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आता देवनागरीत उतरवून झाली आहे.

चौथ्या वेळी माझा निश्चय अधिक दृढ होता असे कोणी समजू नये. उलट तीनदा तोंडघशी पडल्यामुळे तो बराच मऊ झाला होता. फरक एवढाच होता की आधीच्या तिन्ही वेळी मी पहिल्या दिवसाची तयारी केली होती आणि या वेळी खाडा पडल्यानंतरच्या दिवसाची केली. ज्यांच्या घरात अर्धवट भरलेल्या वह्या आहेत, एकदा भरलेल्या फीच्या पावत्या आहेत किंवा कोपऱ्यात उभा असलेला व्यायामाचा सायकल-सांगाडा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे बहुतांशी मोडीची येतील, कारण मला तीच ठाऊक आहेत. परंतु चालणे, गाणे, बचत किंवा राहून गेलेली परीक्षा यांनाही पायऱ्या याच लागतात.

जवळ काय असावे

- शंभर पानी साधी आखीव वही. ती महाग नसावी. मी एकदा हातकागदाची सुंदर वही घेतली होती आणि ती खराब होईल या भीतीने दोन वर्षे कोरी ठेवली.
- भिंतीवरचे कॅलेंडर, ज्यात तारखेच्या चौकटीत पेन्सिलीची खूण मावेल.
- मागील प्रयत्नांचे अवशेष: जुन्या वह्या, पावत्या, याद्या. ते फेकू नयेत, पहिल्याच पायरीला लागतात.
- कामाचे साहित्य, परंतु पहिल्या महिन्याला पुरेल इतकेच. मोडीसाठी बाराखडीचा तक्ता, आखीव कागद, तिरप्या टोकाचे पेन, भिंग आणि मूळ कागदांच्या झेरॉक्स प्रती एवढे पुरते. मूळ कागद रोज हाताळू नयेत, ते घडीवर फाटतात.
- एक माणूस, ज्याच्याविषयी आठव्या पायरीत लिहिले आहे.

येथे पहिला सापळा आहे. साहित्य विकत घेतले की काम सुरू झाल्याचा भास होतो आणि तो भास इतका सुखद असतो की पुढे काही करण्याची निकड उरत नाही. दुसऱ्या प्रयत्नात मी बोरू, टाक, तीन प्रकारची शाई आणि चार पुस्तके आणली होती. त्या शाईच्या दोन बाटल्या अजून न उघडलेल्या आहेत.

१. मागील प्रयत्नांची नोंद करा, आणि ती तारखांनी करा

वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा: काय सुरू केले, केव्हा सुरू केले, शेवटचा दिवस कोणता आणि त्या शेवटच्या दिवसाच्या आसपास घरात किंवा कामावर काय चालले होते. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा असून तोच लोक "आळस", "चिकाटी नाही", "स्वभावच धरसोड" अशा शब्दांनी भरतात. स्वभावाचे वर्णन तेथे लिहू नका. घटना लिहा. आठवत नसेल तर जुने बँक पासबुक, दवाखान्याचे कागद आणि लग्नपत्रिका पाहा, त्यांवरून बरेच आठवते.

माझा रकाना भरल्यावर मला आश्चर्य वाटले. पहिला प्रयत्न थांबला त्या आठवड्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. दुसरा मार्चअखेरीस थांबला. मी मकरपुऱ्यातील एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करत होते आणि तेथे मार्च म्हणजे काय असते ते हिशेबाच्या लोकांना सांगायला नको. तिसऱ्या वेळी चार दिवस ताप होता. मोडी कठीण वाटली म्हणून मी ती कधीच सोडली नव्हती. खरे पाहता सोडायची असे मी कधी ठरवलेच नव्हते. तीन-चार दिवस चुकले, मग वहीकडे पाहण्याची लाज वाटू लागली, मग वही कपाटात गेली आणि परत बसायचे राहून गेले.

तुमची कारणे वेगळी निघतील. पण बहुतेकांना दिसेल की काम थांबण्याचे कारण आणि काम पुन्हा सुरू न होण्याचे कारण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिले सहसा आपल्या हाती नसते. दुसरे मात्र असते, आणि या लेखाचा मोठा भाग त्याविषयीच आहे.

२. ध्येय असे लिहा की ते पूर्ण झाल्याचे दुसऱ्याला दाखवता येईल

"मोडी शिकायची" हे वाक्य कधीच पूर्ण होत नाही, कारण कोणत्या दिवशी मोडी शिकून झाली हे सांगता येत नाही. चौथ्या वेळी मी असे लिहिले: "ट्रंकेतील निळ्या बासनातल्या रोजकिर्दीची पहिली दहा पाने देवनागरीत उतरवून या वहीत लिहायची." याच रीतीने "गाणे शिकायचे" ऐवजी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका प्रथम परीक्षा द्यायची असे लिहावे, आणि "प्रकृती सुधारायची" ऐवजी न थांबता आमच्या गावातल्या कमाटीबागेला एक पूर्ण फेरी घालायची असे. लिहिलेले वाक्य घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला वाचायला द्या; ते झाले की नाही हे त्याला ओळखता येईल, तर वाक्य ठीक आहे.

याला मी संकल्प म्हणत नाही, काम म्हणते. पारशी धर्मशाळेतून हुसकावून दिल्यावर १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर ज्या कमाटीबागेत बसले, तिथली जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. त्या गावात राहून आपल्या वहीतल्या दहा पानांना तोच शब्द वापरणे मला बरे वाटत नाही. शिवाय मोठा शब्द वापरला की मोडल्याचे पापही मोठे वाटू लागते.

थोरांची उदाहरणे समोर ठेवण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास दिला जातो आणि वडोदऱ्यात ते उदाहरण ठरलेले असते. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक आला तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती आणि १८८१ मध्ये महाराज सयाजीराव म्हणून त्याने राज्यकारभार हाती घेतला. गोष्ट खरी आहे आणि मला तिचा अभिमानही आहे. परंतु त्या सहा वर्षांत त्यांच्यासाठी शिक्षक होते, आखलेले वेळापत्रक होते आणि बाकीची कामे करायला माणसे होती. आपल्याला स्वयंपाक करून, बस पकडून आणि विजेचे बिल भरून उरलेल्या वेळात शिकायचे असते. थोरांशी केलेली तुलना पहिल्या आठवड्यात उभारी देते आणि पाचव्या आठवड्यात तीच मान खाली घालायला लावते, म्हणून मी ती वहीत येऊ दिली नाही.

३. रोजचे माप वाईट दिवसावरून ठरवा

आरंभाचा दिवस बहुधा सुट्टीचा असतो, मन प्रसन्न असते आणि त्या प्रसन्नतेत माणूस रोज एक तासाचे माप ठरवून बसतो. तुम्ही डोळ्यांसमोर दुसरा दिवस आणा: पाहुणे आलेले आहेत, वीज गेलेली आहे, डोके दुखते आहे आणि उद्या सकाळी सहाला उठायचे आहे. त्या दिवशी जेवढे होईल तेवढेच रोजचे माप ठेवा. अंदाज येत नसेल तर मनात पहिल्यांदा आलेल्या आकड्याचा चौथा हिस्सा घ्या आणि तोही मोठा वाटला तर पुन्हा निम्मा करा.

माझे माप तीन ओळींचे आहे. मोडीत शिरोरेषा आधी ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात; तेव्हा तीन शिरोरेषा ओढायच्या, त्या भरायच्या आणि उठायचे. घरच्यांना हे हास्यास्पद वाटले. तीन ओळींनी काय होणार, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गणिताचे आहे. वर्षातले अडीचशे दिवस जरी बसले तरी साडेसातशे ओळी होतात, आणि आधीच्या अकरा वर्षांत माझ्या सर्व वह्यांमध्ये मिळून तेवढ्या ओळी नव्हत्या.

एखाद्या दिवशी अधिक करावेसे वाटले तर अवश्य करा, मात्र माप वाढवू नका. दोन चांगल्या आठवड्यांनंतर माप दुप्पट करणे हा अत्यंत सामान्य सापळा आहे. वाढवलेले माप पहिल्याच वाईट दिवशी मोडते आणि ते पूर्वीच्या मापावर आणणे माघार घेतल्यासारखे वाटते.

४. काम घड्याळाला न बांधता दुसऱ्या कामाला बांधा

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला एक विचार मला उपयोगी पडला. "मी हे करीन" एवढेच ठरवण्यापेक्षा "अमुक घडले की मी तमुक करीन" असे ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता वाढते, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे वाक्य "सकाळचा कुकर उतरवला की त्याची वाफ जिरेपर्यंत तीन ओळी" असे आहे. कुकर रोज लागतो, त्यामुळे आठवण करून देणारा गजर लागत नाही.

"रात्री सगळे आवरून निवांत झाल्यावर" असे कधीही ठरवू नका. ती वेळ कोणत्याही घरात येत नाही.

५. खाडा पडल्यावर काय करायचे ते आधीच लिहून ठेवा

ही पायरी सावकाश वाचावी. एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही, हे केवळ धीर देण्यासाठी लिहिलेले वाक्य नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा जडतात याची पाहणी केली आणि ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ स्वयंसेवकांनी बारा आठवडे रोज एक ठरावीक कृती केली. त्यावरून सवय अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या काळाची मध्यम संख्या ६६ दिवस निघाली, मात्र माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादी संधी हुकल्याने सवय जडण्याच्या क्रमात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असेही तिथे दिसले. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्यापायी बावीसाव्या दिवशी किती जणांनी स्वतःला नालायक ठरवले असेल कोण जाणे.

मग बिघडते कुठे? "एवीतेवी मोडलेच आहे" या विचारात. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी काम तेवढेच असते, परंतु त्यावर कालची अपराधी भावना बसलेली असते. तिसऱ्या दिवशी ती दुप्पट होते. आठवड्याने वही उघडायची म्हणजे तीन ओळी लिहायच्या एवढेच उरत नाही, आपण कसे आहोत याचा निकाल ऐकायचा असतो, आणि असा निकाल ऐकायला कोणी आपण होऊन जात नाही.

यावर मी वहीच्या शेवटच्या पानावर पुढील रीत लिहून ठेवली आहे.

(अ) चुकलेल्या दिवसांची भरपाई करायची नाही. दोन दिवस चुकले म्हणून तिसऱ्या दिवशी नऊ ओळी, हा हिशेब सावकारी व्याजासारखा वाढत जातो आणि माणूस सावकाराला टाळतो तसा वहीला टाळू लागतो.

(आ) परत बसण्याच्या पहिल्या दिवशी माप तीन ओळींचे नसते, एका ओळीचे असते. माझे काका लहानपणापासून जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात. आजारातून उठून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी मोजके जोर काढून घरी जायला सांगत, आणि तो अधिक काढू लागला तर रागावत, असे ते सांगायचे.

(इ) जिथे थांबलो तिथूनच पुढे जायचे. हा सापळा मला सर्वांत महाग पडला. प्रत्येक खंडानंतर मी "आता नीट पहिल्यापासून" असे म्हणून अ, आ, इ गिरवायला घेत असे. परिणामी माझ्या तीन वह्यांत बाराखडीचा आरंभ सुरेख आहे आणि जोडाक्षरांचे पान एकाही वहीत नाही. पहिल्यापासून सुरू करण्यात शिस्त दिसते, प्रत्यक्षात तो अवघड भाग पुढे ढकलण्याचा सभ्य मार्ग असतो.

(ई) खाडा का पडला हे एका ओळीत लिहायचे आणि त्यावर चर्चा करायची नाही.

ही रीत मी आधी स्वतःच्या अंदाजाने लिहिली होती. पुढे रोजकीर्द लागू लागली, म्हणजे वाचता येऊ लागली, तेव्हा पणजोबांनी तेच केलेले दिसले. ते एका पेढीवर कारकून होते. त्यांच्या नोंदी रोजच्या नाहीत. कुठे चार दिवसांची फट आहे, एके ठिकाणी सतरा दिवसांची. फट पडली तिथे त्यांनी एक आडवी रेघ मारली आहे, मागची शिल्लक खाली आणली आहे आणि पुढची तारीख घातली आहे. सतरा दिवस कुठे होते याचा खुलासा नाही आणि खाडा पडला म्हणून नवी वहीही काढलेली नाही. मी स्वतः सव्वीस वर्षे हिशेब लिहिले. "मागील पानावरून पुढे" हे शब्द हजारो वेळा लिहिले असतील. आपल्या शिकण्याच्या वहीला तेच शब्द लागू पडतात हे मला त्या रेघेपाशी सुचले. तेव्हापासून मीही खाड्यानंतर एक आडवी रेघ मारते आणि तारीख घालते.

६. ठाऊक असलेले खाडे आधीच कॅलेंडरवर मांडा

आपल्या गावाचे वर्ष सर्वांना पाठ आहे. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण असते आणि त्या दोन दिवसांत सारे वडोदरे गच्चीवर असते. मार्चअखेर आहे, मेचा उन्हाळा आहे, मग गणपती. नवरात्राच्या नऊ रात्री गरब्यावरून परतायला मध्यरात्र उलटते आणि सकाळी कुकर कोणी उतरवला हेही आठवत नाही. पुढे दिवाळी आणि लग्नसराई. हे दिवस येणार हे माहीत असूनही आपण वेळापत्रक असे आखतो की जणू ते येणारच नाहीत, आणि आले की निराश होतो. वर्षाच्या आरंभीच त्या तारखांवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारा. ती सुट्टी आहे, तिला खाडा म्हणू नका. प्रत्येक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाच्या चौकटीत मात्र गोल करा. कॅलेंडरवर लक्ष ठेवण्यासारखे खरे दिवस तेवढेच.

"पाडव्यापासून सुरू करू" यापासूनही सावध राहावे. आपल्याकडे जानेवारीचे, पाडव्याचे आणि गुजराती बेसत्या वर्षाचे असे तीन नववर्षदिन येतात, त्यामुळे पुढे ढकलायला निमित्तेही तिप्पट आहेत. खाडा गुरुवारी संपला तर शुक्रवारी बसावे. सोमवारची वाट पाहू नये.

न सांगता येणारे खाडेही येतातच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा माझा मुक्काम धाकट्या बहिणीकडे होता आणि तिच्या तळमजल्यात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर चिखल काढणे, गाद्या वाळवणे, विजेच्या तारा तपासून घेणे यांत दोन आठवडे गेले. माझी वही भिजून फुगली होती. नवी घेतली, पहिल्या पानावर आडवी रेघ मारली, तारीख घातली आणि एक ओळ लिहिली. २०१२ मध्ये हाच पूर आला असता तर मोडी तिथेच वाहून गेली असती.

७. पठार ओळखा

तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान एक काळ असा येतो की आपण नियमित बसतो आणि तरीही काही प्रगती होत नाही असे वाटते. या निराशेचा खाड्याशी संबंध नसतो, म्हणून उपायही वेगळा आहे.

मोडीत हे पठार फार स्पष्ट दिसते. तीन महिन्यांत अक्षरे ओळखू येतात, पण शब्द लागत नाही. कारण मोडी भरभर लिहिता यावी म्हणून घडलेली लिपी आहे. हात शक्य तितका कमी उचलला जातो, दोन शब्दांमध्ये जागा सोडली जात नाही, विरामचिन्हे नसतात आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. त्यातच हिशेबाच्या कागदांत संक्षेप भरलेले असतात. रुपयाच्या पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन, पाऊणसाठी तीन. त्या रेघांना मी कितीतरी दिवस अक्षरे समजत होते. तेव्हा अडचण अशी होती की माझी अक्षरओळख पुरेशी झाली होती आणि पुढे जे हवे होते ते, म्हणजे हिशेबाची जुनी भाषा, मी शिकतच नव्हते. रोजच्या तीन ओळी मी निष्ठेने गिरवत होते, पण त्या चुकीच्या ओळी होत्या.

म्हणून पठारावर दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे तीन महिन्यांपूर्वीचे स्वतःचे एक पान काढून आजच्या पानाशेजारी ठेवावे. प्रगती नाही ही समजूत बहुधा तिथेच ढासळते, कारण कालच्या आणि आजच्या पानात न दिसणारा फरक तीन महिन्यांत दिसतो. दुसरी गोष्ट, आपण नेमके कुठे अडतो याची दहा दिवस नोंद ठेवावी. माझ्या नोंदीत दहापैकी सात दिवस अडचण रकमेपाशी किंवा संक्षेपापाशी होती. त्यानंतर मी गिरवणे थांबवले आणि रुपये-आणे-पैंचा तक्ता पाठ केला. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया हे डोक्यात बसल्यावर बेरजा जुळू लागल्या आणि बेरीज जुळली की अंधुक आकडाही ओळखता येऊ लागला. माप तेच ठेवून आतले काम बदलणे म्हणजे धरसोड नव्हे.

८. साक्षीदार निवडा, पहारेकरी नको

सर्वांना सांगून टाका म्हणजे लाजेकाजेने तरी काम होईल, असे म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. सांगितल्यावर जे कौतुक मिळते ते काम केल्यासारखे समाधान देऊन जाते, आणि पुढे प्रत्येक समारंभात "काय, मोडी कुठवर आली?" या प्रश्नाला तोंड द्यावे लागते.

दंडाचा प्रयोगही करून पाहिला. एका मैत्रिणीशी ठरले होते की जिचे लागोपाठ दोन दिवस चुकतील तिने दुसरीला शेव-उसळ खाऊ घालायची. दोन प्लेट शेव-उसळ मी आनंदाने दिली. तिसऱ्या वेळी मी तिचा फोन घेतला नाही, कारण मला वही आणि मैत्रीण दोन्ही नकोशा झाल्या होत्या.

आता दर शनिवारी मी त्या आठवड्यातील एका पानाचे छायाचित्र शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांना पाठवते. पान कोरे असेल तर कोऱ्या पानाचे पाठवते. त्यांनी फक्त "पोहोचले" एवढेच उत्तर द्यायचे, शाबासकी द्यायची नाही आणि कान उघाडणीही करायची नाही, असे ठरले आहे. शिक्षकाला हे किती जड गेले असेल याची कल्पना आहे. असा माणूस निवडताना तो अत्यंत हुशार किंवा त्याच विषयातला नसला तरी चालेल. तुमचे कोरे पान पाहून ज्याचा चेहरा बदलत नाही, तो योग्य.

९. थकवा, आजार आणि खाते बंद करणे

वरील सर्व उपाय साध्या हिरमोडीसाठी आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ मन उदास असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, जी कामे एरवी आवडतात त्यांतही गोडी वाटत नसेल, तर वही आणि कॅलेंडर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि अनेक भारतीय भाषांत बोलण्याची सोय आहे. जगणेच नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. अशा अवस्थेत माणसाला चिकाटीचे धडे देणारे नातेवाईक भेटतात. त्यांचे ऐकू नका.

शेवटची गोष्ट काम सोडण्याविषयी. काही कामे सोडलीच पाहिजेत, परंतु ती वाईट दिवशी सोडू नयेत आणि न बोलता विरूनही जाऊ देऊ नयेत. मी दर सहा महिन्यांनी, म्हणजे पाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आठवड्यात, चालू कामांची यादी पाहते आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिते: हे काम आज नव्याने समोर आले असते तर मी ते हाती घेतले असते का? उत्तर दोन वेळा, म्हणजे सहा महिन्यांच्या अंतराने, "नाही" असे आले तर त्या कामाचे खाते बंद करते. त्याच्या पानावर काय शिकून झाले ते चार ओळींत लिहिते, साहित्याचे काय करायचे ते ठरवते आणि हिशेब पुरा झाल्यावर मारतात तशा दोन रेघा मारून खाली तारीख घालते. माझी हार्मोनियम याच रीतीने २०२४ च्या दसऱ्याला बंद झाली. आठ वर्षे तिच्यावर आच्छादन होते आणि त्या आच्छादनाकडे पाहून मला रोज ओशाळे वाटे. आता ती भाचीकडे आहे, आणि ज्या कोपऱ्यात ती होती तिथे मोडीचे मेज आहे.